माहेरचं नाव

(नाशिकमध्ये दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, आधी एक दिलासा देते. माझ्या कादंबरीची नायिका, सुनंदा, सिंहस्थात हरवलेली नाही. दर 12 वर्षांनी येणाऱ्या त्या गर्दीत सिनेमावाल्यांनी इतकी भावंडं हरवून ठेवलीत, की रामकुंडावर आता आणखी कुणाला हरवायला जागा नाही.

पहिल्या भागाच्या शेवटी सुनंदाला कळतं, की आपण दत्तक आहोत. लोक विचारतात, गौप्यस्फोट झाला, मग दुसऱ्या भागात काय उरलं? मलाही बरेच दिवस तेच वाटत होतं. एक पळवाट असते. आधीचं सगळं खोटं ठरवायचं: दत्तकपत्र बनावट, वकील सामील, शिवाय एक जुळी बहीण. वाचक दचकतो, नाही असं नाही. पण त्यानंतर तुमच्या एकाही वाक्यावर तो भरवसा ठेवत नाही.

मग मी नियम वाचायला घेतले, आणि गाडी तिथे सुटली. 2022च्या दत्तक नियमावलीत आपल्या मुळांचा शोध घेण्याची सोय आहे. वय 18 झालं की दत्तक गेलेली व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते. पण जन्मदात्यांनी मूल सोपवताना ओळख गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर त्यांची संमती लागते. त्यांनी नकार दिला किंवा ते सापडलेच नाहीत, तर मूल कोणत्या परिस्थितीत सोपवलं तेवढं सांगायचं. आणि तिऱ्हाईताला हा शोध घेताच येत नाही. या शेवटच्या अटीने माझा गुप्तहेर घरी बसवला! पहिल्या भागातली सगळी धावपळ त्याची होती. आता सुनंदालाच चप्पल घालावी लागली.

तिच्या हाती आलेल्या कागदावर कारण आहे, नाव नाही. नवऱ्याने टाकलेली बाई, वडील नुकतेच गेलेले, अस्थी घेऊन भावाबरोबर नाशिकला आली. नावं खोडलीत, पण गाव खोडायचं राहून गेलंय. कारकुनाची चूक म्हणा, लेखिकेची सोय म्हणा.

पुढचं तुम्हाला सांगायला नको. गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीच्या घाटावर, गाव आणि आडनाव सांगितलं की तुमच्या घराण्याचे उपाध्ये सापडतात, आणि त्यांच्या चोपड्यात तुमचा खापरपणजोबाही. सुनंदाकडे नुसतं गाव. गुरुजी पानं उलटत राहतात. नोंदी बापाकडून मुलाकडे चालत जातात, लेकीची ओळ लग्नाशी थांबते. दुपार कलते तेव्हा त्या सालची एक नोंद मिळते, भावाच्या हातची: ‘सोबत बहीण कमल’.

कमल नावाची बाई पहिल्या भागात कुठेच नाही. निदान वाचकाला तसं वाटतं.

इथे थोडं घरचं सांगते. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर एक बाई आहे आणि आधार कार्डावर दुसरी. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहिलं, हसतखेळत झालं सगळं. पुढे मात्र त्या दोघी एकच आहेत असं मला शपथपत्रावर लिहून द्यावं लागलं. ते लिहितानाच कादंबरीचा दुसरा भाग सुचला. आपल्याकडे बाईला वेषांतर करावं लागत नाही, तिचं लग्न झालं की पुरे.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांनी आता कान झाकावेत. पहिल्या भागात शेजारच्या वाड्यातल्या कुसुममावशी आठवतात? पान 61 वर त्या सुनंदाला पाणी देतात. तांब्या भांडी बाजारातला, लग्नात मिळालेला, त्यावर नाव घातलंय: ‘चि. कमल हिस सप्रेम’. सुनंदा ते वाचतेसुद्धा. पण जुन्या घरात कुणाच्याही भांड्यावर कुणाचंही नाव असतं, म्हणून तिने विचारलं नाही. तुम्हीही नाही विचारलंत.