जीव पोपटात

(इंग्लंडमधल्या मराठी मंडळींच्या कोजागरीच्या मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं आवरून)

नमस्कार मंडळी.

दूध आटेपर्यंत बोल, असं मला सचिवांनी सांगितलंय. विषय कोजागरीचा होता. पण गेल्या महिन्यात आमच्या घरात एक वाक्य बोललं गेलं आणि ते काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. तेव्हा आज त्याच्यावरच बोलते.

वाक्य माझ्या लेकीचं. वय वर्षं दहा. उन्हाळ्याच्या सुट्टीपासून आमच्याकडे दर शनिवारी हॅरी पॉटरचा एक सिनेमा, असा नेम धरला होता. आठ सिनेमे, आठ शनिवार. सप्टेंबरात शाळा सुरू झाली आणि शेवटचा लागला. हॅरीच्या शाळेतला तो खडूस मास्तर, स्नेप, मरतो, त्याच्या डोळ्यांतून आठवणी ओघळतात आणि हॅरी त्या बघायला जातो, इथवर आलो होतो. मला कितव्यांदा तरी रडू येत होतं. लेकीने विचारलं, "पण हा तर वाईट होता ना? मग हॅरीला का वाचवत होता?" मी सिनेमा थांबवला आणि म्हटलं, "अगं, त्याचा जीव होता तिच्यावर. हॅरीच्या आईवर. लहानपणापासून."

ती म्हणाली, "आई, मराठीत नको ना सांगू. मराठीत ते खरं वाटत नाही."

मग आमच्याकडे भांडण झालं. हे म्हणाले, "तिने सिनेमा इंग्लिशमध्ये बघितलाय, तिला इंग्लिशमध्येच खरं वाटणार. त्यात एवढं काय?" मी म्हटलं, तुम्ही तिच्याशी दिवसभर इंग्लिश बोलता म्हणून हे होतं. ते म्हणाले, आणि तू? आवाज चढले. लेक उठून वर गेली. पडद्यावर हॅरीचा चेहरा तसाच थांबलेला. उरलेला सिनेमा आम्ही दुसऱ्या दिवशी, कुणी कुणाशी न बोलता पाहिला.

ह्यांचा तो "आणि तू?" बरोबर होता. त्यावर मी येणारच आहे.

पण आधी हे सांगते, की मला ती गोष्ट मराठीतच खरी वाटली होती. माझी शाळा मराठी माध्यमाची. हॅरी मला पहिल्यांदा भेटला तो करवीर नगर वाचन मंदिरात, बाळ ऊर्ध्वरेषे यांच्या अनुवादात. 'हॅरी पॉटर आणि परीस'. त्या नावातला 'परीस' बघूनच मी पुस्तक उचललं. परीस मला ठाऊक होता. आजीच्या गोष्टीत होता, अभंगात होता. लोखंडाला लागला की सोनं करणारा. लंडनच्या बँकेतल्या तळघरातून कुणीतरी परीस चोरायला निघालंय, हे वाचताना मला ते परक्या देशातलं वाटलंच नाही. आमच्याच घरातली वस्तू तिकडे कशी गेली, एवढंच कुतूहल होतं.

आजीला मी सगळी पुस्तकं सांगितली. दुपारी ती पाटावर बसून शेंगा फोडायची आणि मी सांगायची. शेवटची पुस्तकं येईपर्यंत मी इंग्लिशमध्ये वाचू लागले होते, शेजारी वीरकरांची डिक्शनरी घेऊन, एका पानाला पंधरा मिनिटं. ते हॉरक्रक्स प्रकरण मला नीट कळत नव्हतं. आत्म्याचे तुकडे करायचे, ते वस्तूंत लपवायचे, मग माणूस मरत नाही. वहीत एक, अंगठीत एक, लॉकेटमध्ये एक. मी अडखळत आजीला समजावत होते. आजी शेंग फोडता फोडता म्हणाली, "म्हंजे राक्षसाचा जीव पोपटात असतोय, तसंच की गं."

तसंच की! सात समुद्रांपलीकडं झाड, झाडावर पिंजरा, पिंजऱ्यात पोपट. मी चार दिवस डिक्शनरीत जे शोधत होते ते आजीने एका वाक्यात हातावर ठेवलं. आणि वर म्हणाली, "आपल्या राक्षसाला एक पोपट पुरला. ह्यानं सात ठिकाणी ठिवलाय? लईच भित्रं हाय म्हणायचं." त्या तुकडे करणाऱ्या वॉल्डेमॉर्टवर मी त्यानंतर पुष्कळ वाचलं. त्याच्या भीतीबद्दल इतकं नेमकं मला कुठे सापडलं नाही.

शेवटचा सिनेमा आला १५ जुलै २०११ ला, शुक्रवारी. त्या दिवशी गुरुपौर्णिमा होती. दोनच दिवस आधी, १३ तारखेला, मुंबईत बॉम्बस्फोट झाले होते. झवेरी बाजार, ऑपेरा हाउस, दादर. आई म्हणत होती, गर्दीच्या जागी जायचं नाही. पण आम्ही चौघी पहिल्या सिनेमापासून ह्या पोरांबरोबर मोठ्या झालो होतो. ती अकराची होती तेव्हा आम्हीही तेवढ्याच होतो. त्यांच्या शेवटाला आम्ही नाही गेलो तर कोण जाणार? सकाळी कॉलेजात सगळ्या शिक्षकांना गुलाब वाटले. एका सरांना सोडून. ते फार खडूस होते, चौघींनाही त्यांनी वर्गाबाहेर उभं केलेलं. मग पावसात दोन स्कूटी काढून थिएटर गाठलं.

खेळ हिंदीतला. कोल्हापूरचं पब्लिक तुम्हाला माहीत आहे, मी काय सांगू. ड्रॅगन बँकेचं छत फोडून बाहेर पडला तेव्हा पहिली शिट्टी. हॅरीच्या वर्गातल्या नेव्हिलने तलवारीने वॉल्डेमॉर्टची ती नागीण तोडली तेव्हा तर आख्खं थिएटर उभं. नागिनी हे नाव इंग्लिश पोरांना नुसतं नाव आहे. आमच्याकडे शेवटच्या रांगेतल्या पोराला पण कळत होतं की ही साधीसुधी जनावराची जात नव्हे, हिच्यात जीव ठेवलाय. आणि मॉली वीझ्ली, हॅरीच्या दोस्ताची, रॉनची आई, आपल्या पोरीला मागं सारून वॉल्डेमॉर्टच्या गोटातल्या बेलाट्रिक्सच्या पुढ्यात आली, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एक काकू, पोराला घेऊन आलेल्या, मोठ्याने ओरडल्या, "घाल तिला!" माझ्या अंगावर आत्ताही काटा आलाय बघा.

स्नेपच्या आठवणी सुरू झाल्या आणि तेच थिएटर गप्प झालं. त्या आठवणींत तो हॅरीच्या आईचं प्रेत कवटाळून रडतो. इतकी वर्षं ज्याला आम्ही शिव्या दिल्या तो माणूस. माझ्या शेजारी तिघी हुंदके देत होत्या. स्नेप झालेल्या ॲलन रिकमनचा तो चेहरा. ते २०१६ च्या जानेवारीत गेले. हॅग्रिड झालेले रॉबी कोल्ट्रेन २०२२ मध्ये, मॅगी स्मिथ २०२४ मध्ये. माझी लेक ज्या शाळेत आत्ता कुठे पाऊल टाकतेय, तिथले निम्मे मास्तर निघून गेलेत.

सिनेमा संपल्यावर बाहेर आम्ही पावसात उभ्या होतो. कुणी बोलेना. शेवटी एक जण म्हणाली, "सरांना फूल द्यायचं राहिलं की." दुसऱ्या दिवशी चौघी गेलो. सरांनी गुलाब घेतला, टेबलावर ठेवला आणि विचारलं, "जर्नल कुठाय?"

तक्रारीही होत्या, त्याशिवाय प्रेम कसलं. माझी मैत्रीण शेवटच्या लढाईवर जाम चिडली होती. पुस्तकात ती ग्रेट हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत होते. वॉल्डेमॉर्ट पडतो तो साध्या माणसासारखा पडतो, मढं तिथंच जमिनीवर राहतं. सिनेमात दोघं किल्ल्याभर उडत जातात, शेवट आवारात दोघांतच होतो आणि तो राखेच्या पापुद्र्यांसारखा विरून जातो. ती म्हणाली, "ही काय कुस्ती झाली व्हय? खासबागेत चार माणसांपुढं चितपट करायचं सोडून ह्याला परड्यात नेऊन लोळवला." मला आजही तिचं पटतं. ज्याने मरण टाळायला जीवाचे सात तुकडे केले, त्याला मरण सगळ्यांसारखंच आलं, हे गावाला दिसायला हवं होतं. आणि ती छडी. सिनेमात हॅरी जगातली सगळ्यात ताकदवान छडी मोडतो आणि फेकून देतो, टाळ्या पडतात. पुस्तकात तो तिच्याकडून आधी आपली जुनी, मोडलेली छडी सांधून घेतो. हे त्यांनी का गाळलं, मला कळत नाही.

रात्री घरी येऊन मी आजीला सगळं सांगितलं. तिने त्यातला एकही सिनेमा पाहिला नव्हता. स्नेपचं सांगून झालं तशी ती बराच वेळ गप्प बसली. मग विचारलं, "त्या बाईला कधी कळलं का?" मी म्हटलं, नाही. "आणि पोराला?" म्हटलं, हा मेल्यावर. आजीने पदराने डोळे पुसले. "जीव लावला हुता बघ त्यानं," म्हणाली.

माझ्या आजीला ते खरं वाटलं होतं. पडद्याविना, आवाजाविना, माझ्या तोंडच्या मराठीत. आणि माझ्या लेकीला माझ्याच तोंडून ते खोटं वाटतं. मधल्या चौदा वर्षांत मराठी बदलली नाही. बदलले असेन तर मीच.

तेव्हा आता ह्यांच्या त्या "आणि तू?" कडे येते. मी एक दिवस स्वतःकडे लक्ष ठेवलं. लेकीशी मी दिवसभरात मराठीत काय बोलते? ऊठ. आवर. डबा घेतलास का? स्वेटर घाल. हात धू. जेव. झोप आता. आणि शाळेत तिची मैत्रीण तिला सोडून दुसरीबरोबर बसली, ती रडत आली, तेव्हा? तेव्हा मी इंग्लिशमध्ये बोलले. लवकर समजावं म्हणून. गेल्या वर्षी कोल्हापूरला माझी आजी वारली ते तिला सांगायचं होतं, तेही मी इंग्लिशमध्येच सांगितलं. मराठी शब्द तोंडातून निघत नव्हते, इंग्लिश जरा लांबचं होतं, सोपं गेलं. म्हणजे मैत्री इंग्लिशमध्ये, दुःख इंग्लिशमध्ये, मरण इंग्लिशमध्ये. मराठीत उरलं काय तर मोजे आणि डबा. मग ती म्हणते त्यात चूक काय? मोज्यांच्या भाषेत स्नेपचं प्रेम कसं खरं वाटेल?

आणि रागावू नका, पण हे फक्त माझ्या घरचं नाही. गणपतीत आपण मुलांकडून आरती पाठ करून घेतो, तीही इंग्लिश अक्षरांत लिहून. मुलं सुंदर म्हणतात, आपण व्हिडिओ काढतो, कोल्हापूर-सांगलीला पाठवतो. अर्थ कुणी विचारत नाही आणि आपण सांगत नाही. रविवारच्या मराठी वर्गात आपण त्यांना फळं शिकवतो, रंग शिकवतो, आकडे शिकवतो. रात्री झोपताना गोष्ट मात्र इंग्लिशमध्ये वाचतो, कारण आपण दमलेलो असतो आणि पुस्तक हाताशी असतं. मीही तेच केलंय, दहा वर्षं. लिव्ह्सडनचा हॅरी पॉटरचा स्टुडिओ आपल्यातल्या बहुतेकांनी मुलांना दाखवलाय, किंग्ज क्रॉस स्टेशनला त्या भिंतीत घुसलेल्या सामानाच्या गाडीला धरून सगळ्यांचे फोटो आहेत. पण पोपटाची गोष्ट किती जणांनी सांगितली? हात वर करू नका. मला माझाच वर करता आला नसता.

सिनेमाचा शेवटचा प्रसंग, एकोणीस वर्षांनंतरचा, प्लॅटफॉर्मवरचा. २०११ ला थिएटरात त्यावर हसू फुटलं होतं, रॉनचं ते सुटलेलं पोट बघून. मीही हसले होते. यंदा त्या दिवशी, अबोल्यात, तो बघताना मला कोल्हापूर स्टेशन दिसत होतं. आपल्याकडे रूळ तिथे संपतात, पुढे जात नाहीत. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस सुटताना बाबा खिडकीबरोबर चालत होते, फलाट संपेपर्यंत. काय म्हणाले होते? "पोचलीस की फोन कर." एवढंच. आणि त्या चार शब्दांत सगळं होतं, कारण आधीची वीस वर्षं त्यांनी बाकीचं सगळं माझ्याशी त्याच भाषेत बोललेलं होतं.

भांडणानंतर चार-पाच दिवसांनी मी रात्री लेकीच्या खोलीत गेले. दिवा बंद केला आणि न विचारता सुरू केलं. आटपाट नगर होतं. तिथे एक राक्षस होता. मधे दोनदा मला शब्द आठवेना, थांबावं लागलं. ती ऐकत होती. सात समुद्र झाले, झाड आलं, पोपट आला. त्याची मान मुरगळली तसा राक्षस कोसळला. ती अंधारात म्हणाली, "हॉरक्रक्स!" मी म्हटलं, हो. तुझ्या पणजीने ओळखलं होतं.

मग बराच वेळ शांतता. मला वाटलं झोपली. तर म्हणाली, "आई, जीव म्हणजे काय? पोपटात होता तो लाइफ का सोल? आणि स्नेपचा तिच्यावर होता, तो लव्ह?"

मी म्हटलं, "तिन्ही."

"मग एकच शब्द कसा?"

मला उत्तर सुचेना. ती कुशीवर वळली आणि झोपली. तिला ते खरं वाटलं की नाही, मी अजून विचारलेलं नाही.