ओळख परेड : सोलापूर ते कोल्हापूर

(दृश्य : रात्र. सावळेश्वर टोलनाका, मोहोळकडे जाणाऱ्या गाड्या.)

टोलनाका मागे पडला की मोहोळच्या बाजूला उजेड कमी होत जातो. भाड्याची गाडी, मागे तीन प्रवासी. एक जण म्हणतो, "मामा, जरा बाजूला घ्या." चालक गाडी बाजूला घेतो आणि गळ्याशी सुरा येतो.

पुढचं तुम्हाला दिसतंच आहे. हा प्रसंग आम्ही रचलेला आहे. माणसं नाटकातली आहेत, खटला कुणा एकाचा नाही. कायदा आणि त्याची वाट मात्र खरी.

1860 सालच्या भारतीय दंड संहितेत जबरी चोरीला 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी होती. पण तीच चोरी हमरस्त्यावर, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात झाली, तर 14 वर्षांपर्यंत. बैलगाडीच्या काळात लिहिलेली ही ओळ 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. त्याआधीच्या गुन्ह्यांना अजून जुनीच संहिता लागते. त्यातलं कलम 397 म्हणतं : प्राणघातक शस्त्र वापरलं तर 7 वर्षांहून कमी शिक्षा देता येणार नाही. हे कलम ज्याच्या हातात शस्त्र होतं त्यालाच लागतं, सोबत्यांना नाही. म्हणून तिघांपैकी सुरा कुणाकडे होता, ही गोष्ट सात वर्षांच्या मोलाची ठरते. आणि ती सांगणारा माणूस एकच, चालक.

(दृश्य : सोलापूर जिल्हा न्यायालयाचं आवार. टंकलेखक, काळे कोट, कापडात बांधलेले दप्तराचे गठ्ठे.)

एकच साक्षीदार पुरतो का? पुरतो. किती साक्षीदार हवेत, याचा आकडा पुरावा कायद्यानं कधीच ठरवला नाही. 1957 मध्ये वडिवेलू थेवर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं साक्षीदारांचे तीन प्रकार सांगितले : पूर्ण विश्वासार्ह, पूर्ण अविश्वासार्ह, आणि मधला. पहिल्या दोघांचा प्रश्न नसतो. मधल्याला दुसऱ्या पुराव्याचा आधार लागतो. आमचा चालक याच मधल्या रांगेत उभा आहे. तो खोटं बोलतोय म्हणून नव्हे. अंधार होता, समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे डोळ्यांत जात होते आणि नजर सुऱ्यावर होती, म्हणून.

(दृश्य : अंगण. एका रांगेत सात माणसं.)

ही ओळख परेड : रांगेतला संशयित साक्षीदारानं ओळखून दाखवायचा. मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेत तिची रीत बारकाईनं दिलेली आहे. संशयित एक असेल तर त्याच्याबरोबर निदान सहा माणसं उभी करायची, दोन असतील तर दहा-बारा. वय, उंची, बांधा, पेहराव शक्यतो सारखा. (सारख्या दाढीची सहा माणसं जमवताना आमच्याच नाकी नऊ आले. पोलीस ठाण्यात ती पाच मिनिटांत कशी जमतात, हे कोडंच आहे.) परेड घेणारे तहसीलदार किंवा नायब तहसीलदार. सोबत दोन पंच. पोलिसांनी तिथं थांबायचं नाही. संशयिताला रांगेत हवी ती जागा घेऊ द्यायची, कपडे बदलायचे असतील तर बदलू द्यायचे. साक्षीदाराला अशा ठिकाणी बसवायचं, की तिथून रांग दिसणार नाही. मग त्याला आत आणायचं. तो कुणाला हात लावतो, काय बोलतो, किती वेळ घेतो, सगळं निवेदनात उतरवायचं.

आता हे पाहा. त्याच चालकाला आदल्या दिवशी जबाबासाठी ठाण्यात बोलावलंय. बाकड्यावर संशयित बसलाय. तोंडावर बुरखा नाही. दोघांची नजरानजर होते. दुसऱ्या दिवशीची परेड कितीही नियमानं झाली, तरी चालक आता रात्रीचा माणूस ओळखतोय की बाकड्यावरचा, हे त्यालाही सांगता येणार नाही.

ओळखणारा साक्षीदार अपंग असेल तर परेडचं चित्रीकरण कायद्यानं सक्तीचं आहे. इतरांसाठी नाही. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असलेल्या काळात का नाही, हे आम्हाला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

(दृश्य : विधी महाविद्यालयाचं अभिरूप, म्हणजे सरावाचं, न्यायालय. चालकाचा उलटतपास.)

"तुम्ही फिर्यादीत कुणाचं वर्णन दिलं होतं का?"

"न्हाई साहेब. डोकं फुटलं होतं."

"सुरा कुणाच्या हातात होता, हे पोलिसांना सांगितलं?"

"सांगितलं होतं."

"जबाबात लिहिलेलं नाही."

"का न्हाई लिहिलं, त्ये मला सांगता यायचं न्हाई."

न्यायाधीश हे उत्तर जसंच्या तसं उतरवून घेतात. जबाबातली ही गाळलेली जागा पुढं तपास अधिकाऱ्याकडून वदवून घ्यावी लागते. ते राहिलं, तर अपिलात तिचा फारसा उपयोग होत नाही. बरेच खटले इथंच निसटतात.

(दृश्य : सोलापूर बसस्थानक, कोल्हापूरची एसटी. मंगळवेढा, सांगोला, मिरज.)

सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध 60 दिवसांत उच्च न्यायालयात अपील. पूर्वी नातेवाईक त्यासाठी मुंबईला जायला रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसायचे. 18 ऑगस्ट 2025 पासून सोलापूरची अपिलं मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापुरातल्या सर्किट बेंचपुढे चालतात.

तिथं चालक पुन्हा पिंजऱ्यात येत नाही, कागद येतात. न्यायमूर्ती अटकेची तारीख आणि परेडची तारीख शेजारी ठेवून बघतात : मधले दिवस कशात गेले? स्थळ पंचनाम्यात विजेच्या खांबाचा उल्लेख आहे का? संशयिताच्या तोंडावरच्या बुरख्याची नोंद पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत आहे का? 2003 च्या मलखानसिंग निकालानुसार खरा पुरावा म्हणजे कोर्टात पटवलेली ओळख, परेड तिला फक्त बळ देते. पण फिर्यादीत वर्णन नाही, परेड डागाळलेली, आणि बोट थेट कोर्टातच दाखवलेलं, अशा वेळी त्या बोटावर किती भार टाकायचा, एवढ्यावरच अपिलाचा युक्तिवाद चालतो.

मग कधी शिक्षा कायम होते, कधी फक्त 397 गळतं, कधी आरोपी सुटतो. सुटला, तर चालकाला मारणारे कोण होते हा तपास सहसा पुन्हा उघडत नाही.

कोठडीत किंवा तुरुंगात असलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, 1987 च्या विधी सेवा कायद्यानं मोफत वकील मिळतो, अपिलासाठीसुद्धा. अर्ज तुरुंगातूनच करता येतो. घरच्यांसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. जाताना निकालाची प्रत बरोबर ठेवा.