टॉरीचं मीटर

[दृश्य: मासळी बाजार. कोळीण कल्ला उचलून दाखवते.]

कल्ला उचलायचा, आतून लाल आहे का बघायचं. बोटानं दाबायचं, खळगा राहतो का बघायचं. घरी नेण्यापुरत्या माशांना एवढं पुरतं. पण लिलावात शेकडो पेट्या लागतात, तिथे किती कल्ले उचलणार?

[दृश्य: ॲबर्डीन बंदर, डी नदी.]

स्कॉटलंडचं ॲबर्डीन. डी नदीच्या दक्षिण काठावरच्या टॉरी या वस्तीत १९२९ साली मासळीचं संशोधन केंद्र सुरू झालं. वास घेऊन, शिजवून, चाखून माशाला गुण देणारी माणसं इथे होती. आणि १९७०च्या दशकात जेसन आणि रिचर्ड्स या संशोधकांनी माशाचा ताजेपणा मोजणारं, हातात मावेल असं एक मीटर पुढे आणलं.

[दृश्य: ओल्या कॉडच्या कुशीवर मीटर टेकवतात.]

कापायचं नाही, टोचायचं नाही. नुसतं कातडीला टेकवायचं. माशाच्या प्रत्येक पेशीभोवती चरबीचं अतिशय पातळ पटल असतं. आतही खारं पाणी, बाहेरही खारं पाणी. दोन्हीकडून वीज वाहते, मधलं पटल मात्र ती अडवतं. आपल्या पंख्यातला कपॅसिटर याच तत्त्वावर चालतो! अशा शरीरातून एसी करंट सोडला की व्होल्टेज त्याच्या जरा मागे राहतं. मीटर मोजतं ते हे मागे राहणं.

मासा मेला की त्याचीच पाचकद्रव्यं आतून काम सुरू करतात. पटलं झिरपायला लागतात, व्होल्टेजचं मागे राहणं कमी होत जातं. ताज्या कॉडवर आकडा पंधराच्या आसपास दिसतो. मग बर्फात ठेवला तरी दिवसागणिक उतरतो.

म्हणजे या यंत्राला ना वास कळतो, ना जंतू. पेट्यांखाली चेंगरलेला मासा ताजा असूनही कमी आकडा दाखवतो. हेरिंगसारख्या तेलकट माशाचा हिशोब कॉडला लावून चालत नाही.

[दृश्य: शेजारी शेजारी दोन कॉड.]

हे दोन बघा. एक परवा बोटीवरून उतरलेला. दुसरा महिनाभर गोठवून आज सकाळी वितळवलेला. नाकाला फरक कळेलच असं नाही. पण गोठताना बर्फाच्या स्फटिकांनी पेशींची पटलं फाडली आहेत, त्यामुळे दुसऱ्यावर आकडा तळाशीच राहतो. वितळवलेला मासा ‘ताजा’ म्हणून विकणारा इथे सापडतो.

गंमत अशी, की पकडल्याबरोबर बोटीवरच गोठवलेला मासा खायला उत्तम असू शकतो. तरी मीटर त्यालाही तोच आकडा देतं.