दोराची वेणी

दिवाळे गाव, बेलापूर. खाडीला ओहोटी लागलीय. धक्क्यावर जाळं पसरलंय, सासऱ्यांची सुई चाललीय. प्रत्येक आसेच्या, म्हणजे जाळ्यातल्या भोकाच्या, कोपऱ्यात एक गाठ. ओढ बसेल तशी ती आवळत जाते. ती सरकली तर आस मोठी होते आणि मासा निसटतो.

चार पावलांवर पायरीवर सून बसलीय. तिच्याही हातात दोरच आहे, सुती, पांढरा. यातून ती कंबरपट्टे करते, गळ्यातलं करते, मनगटातलं कडं करते.

आता तिची बोटं बघा. हे कडं तीनपेडी वेणीसारखं दिसतं, पण तीन पेड नाहीतच. अख्खं कडं एका दोराचं. दोर एकदा वरून जातो, एकदा खालून, आणि फिरून आपल्याच वाटेवर येतो. मग पहिल्याला चिकटून दुसरी फेरी, मग तिसरी. इंग्रज खलाशी या गाठीला ‘तुर्काचं डोकं’ म्हणायचे, गुंडाळलेल्या पगडीसारखी दिसते म्हणून.

ती काठावरची वळणं मोजतेय. दहा चालतात, अकरा चालतात. बारा नाही. वळणं तीनच्या पटीत आली की दोर अर्ध्या वाटेतच आपल्या टोकाला येऊन मिळतो, एका दोरात वेणी पुरी होत नाही. “एक वळण चुकलं की सगळं उसवायचं,” ती म्हणते.

कंबरपट्ट्याची तऱ्हा वेगळी. मधले दोर ताणलेले, बाजूचे दोन विणायचे. आधी डावा वर, मग उजवा वर. एकाच बाजूने बांधत गेलं तर पट्टा जिन्यासारखा पिळत जातो. कधी ती मुद्दाम तसाच पिळू देते. विणायचे दोर पट्ट्याच्या चौपट-पाचपट लांब घ्यावे लागतात.

मंगळसूत्र आपण पटवेकऱ्याकडून गाठवून घेतो आणि त्याच्या हाताला कारागीर म्हणतो. हिच्या कामाला लोक ‘छंद छान आहे’ म्हणतात, भाव मात्र दोराच्या वजनाचा करतात. पट्ट्यातले दोन दिवस कुणी मोजत नाही.

खाडीतली मासळी कमी झालीय. घर आता दोन्ही कामांवर चालतं.

कडं झालं. हातातून सरकेल इतकं सैल ठेवलंय. सुती दोर भिजला की आखडतो, म्हणून ती ते पाण्यात बुडवते. सासऱ्यांनी सुई खाली ठेवलीय, मनगट पुढे केलंय.