करार टिकवणारा कायदा आणि एका मताची गोष्ट

श्रोतेहो, नमस्कार. आर्थिक संकटात कामगार कायदा सैल करावा की घट्ट, या वादात स्पेनचा दाखला मला सर्वांत बोलका वाटतो. 2008 च्या मंदीपूर्वी तिथे दर तीन नोकरदारांपैकी जवळपास एक जण तात्पुरत्या करारावर होता. मंदी येताच हेच करार आधी संपवले गेले आणि 2007 मध्ये सुमारे 8 टक्के असलेली बेरोजगारी 2013 पर्यंत 26 टक्क्यांवर पोहोचली. मधल्या काळात, 2012 च्या सुधारणेने, अन्यायकारक बडतर्फीची भरपाई सेवेच्या प्रत्येक वर्षामागे 45 दिवसांच्या पगारावरून 33 दिवसांवर आणली.

2020 च्या महासाथीत मात्र करार कायम ठेवून काम तात्पुरते थांबवण्याची आणि कामगाराला सरकारी भत्ता देण्याची योजना मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. करार कायम, काम तेवढे बंद. तीस लाखांहून अधिक कामगार त्या वसंतात या योजनेत होते.

त्यानंतर डिसेंबर 2021 मध्ये तात्पुरत्या करारांना आवर घालणारा वटहुकूम निघाला. त्यामागे कामगार आणि मालक या दोन्ही संघटनांची संमती होती. अशा संमतीतून आलेला थोडा मवाळ कायदाही मला एकतर्फी कडक कायद्यापेक्षा मोलाचा वाटतो, कारण तो पाळला जातो.

3 फेब्रुवारी 2022 रोजी तो माद्रिदमध्ये मतदानाला आला. सरकारने बेरीज जुळवली होती. पण नवार प्रांतातील एका छोट्या पक्षाच्या दोन खासदारांनी पक्षाचा आदेश झुगारून विरोधात मत दिले. वटहुकूम पडणार हे उघड होते. अध्यक्षांनी तो फेटाळल्याची घोषणाही केली, विरोधी बाकांवर टाळ्यांचा कडकडाट झाला आणि क्षणातच घोषणा दुरुस्त करावी लागली: बाजूने 175, विरोधात 174. प्रमुख विरोधी पक्षाचे एक आजारी खासदार घरून ऑनलाइन मतदान करत होते आणि त्यांचे मत चुकून बाजूने नोंदले गेले होते. ते धावत संसदेत आले, पण मत बदलू दिले गेले नाही. एका मताने, श्रोतेहो, केवळ एका मताने हा वटहुकूम टिकला.

पुढच्या दोन वर्षांत तात्पुरत्या कामगारांचे प्रमाण चारात एकवरून साधारण सहात एकपर्यंत खाली आले. भरपाईच्या 33 दिवसांना मात्र त्या वटहुकुमाने हात लावला नाही, आणि मालकांची संमती टिकवायची तर ते शक्यही नव्हते, असे माझे मत आहे.