दिवाळखोरीचा अर्ज केल्यावर नेमकं काय थांबतं?

(दृश्य: टेबलावर न उघडलेली पाकिटं. फोन वाजतोय.)

कर्ज थकलं की आधी फोन, मग नोटिसा, मग कोर्टाचा हुकूम. पगार हातात पडण्याआधीच कापला जातो. व्याज मात्र एक दिवसही रजेवर जात नाही.

तरीही दिवाळखोरी म्हटलं की माणूस अब्रूला घाबरतो. एके काळी त्यात तथ्य होतं. इंग्लंडमध्ये देणेकऱ्याला तुरुंगात डांबत. 1869 च्या कायद्याने ही प्रथा बहुतांशी मोडीत काढली. आत बसलेला माणूस कमावणार काय आणि फेडणार काय!

(दृश्य: अर्जावर पडणारा शिक्का.)

आज अमेरिकेत अर्ज दाखल होताक्षणी वसुलीला आपोआप स्थगिती मिळते. न्यायाधीशाच्या सहीचीही वाट पाहावी लागत नाही. तगाद्याचे फोन, दावे, पगारातली कपात, घराचा लिलाव, बहुतेक सगळं जागीच थांबतं. चर्चा कर्ज माफ होण्याची होते, पण मोठा फायदा हाच. जो जास्त दमदाटी करेल त्याचे पैसे आधी, हा प्रकार बंद होतो.

पुढे दोन मुख्य वाटा, दिवाळखोरी कायद्यातल्या प्रकरणांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या. 'चॅप्टर सेव्हन'मध्ये कोर्टाचा विश्वस्त मालमत्ता विकून देणी भागवतो. पण कपडे, घरातलं सामान, धंद्याची हत्यारं यांना ठरावीक मर्यादेपर्यंत हात लागत नाही. बहुतेकांकडे विकण्याजोगं काही नसतंच. साधारण चार ते सहा महिन्यांत क्रेडिट कार्डाची आणि दवाखान्याची देणी सुटतात. घर वाचवायचं असेल आणि कमाई नियमित असेल, तर 'चॅप्टर थर्टीन': 3 ते 5 वर्षांचे हप्ते, त्यातच घराची थकबाकीही भरायची.

पोटगी सुटत नाही. शैक्षणिक कर्ज सुटणं फार अवघड. आणि जामीनदार? तुम्ही मोकळे झालात तरी वसुली त्याच्या दारात जाते. त्याला आधी सांगा, एवढं तरी त्याचं देणं लागतंच.

क्रेडिट अहवालावर ही नोंद 10 वर्षांपर्यंत राहू शकते. पण हप्ते थकवत बसलेल्याचा अहवाल तरी कुठे कोरा असतो?

(दृश्य: साधी खोली, समोरासमोर दोन खुर्च्या.)

अर्जानंतर धनकोंची, म्हणजे कर्ज देणाऱ्यांची, बैठक होते. तिची धास्ती सगळ्यांना असते. प्रत्यक्षात धनको क्वचितच येतात. विश्वस्त शपथेवर काही प्रश्न विचारतो, बहुतेकदा काही मिनिटांत काम आटोपतं. अडकतो तो गाडी आधीच भावाच्या नावावर करून आलेला. ती लपवाछपवी उघडी पडली, तर कर्जातून सुटकाच नाकारली जाऊ शकते.