वेदीमागचे दोन शब्द

श्रोतेहो, नमस्कार.

बायबलमधल्या मीखा संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातलं आठवं वचन अनेकांना पाठ असतं. नीतीने वागावं, आवडीने दया करावी, देवासमोर नम्रपणे चालावं. त्यातला 'आवडीने' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो.

पण आज सांगायची आहे ती गोष्ट इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहराची. 14 नोव्हेंबर 1940. जर्मन विमानं रात्रभर बॉम्ब टाकत होती. 500 हून जास्त माणसं गेली. शहराचं जुनं कॅथेड्रल, म्हणजे मुख्य चर्च, जळालं, बाहेरच्या भिंती आणि मनोरा तेवढा उरला. सकाळी ढिगाऱ्यात एका गवंड्याला छताच्या दोन जळक्या तुळया क्रुसासारख्या पडलेल्या दिसल्या. त्याने त्या बांधल्या आणि उभ्या केल्या. छतातल्या जुन्या खिळ्यांचाही एक क्रूस झाला.

तिथले प्रमुख धर्मगुरू रिचर्ड हॉवर्ड. सहा आठवड्यांनी नाताळ आला, आणि ते त्याच पडक्या भिंतींतून रेडिओवर बोलले. सूडाचा विचार मनातून काढायचा, कितीही कठीण असलं तरी काढायचा, हे त्यांचं सांगणं. युद्ध चालू असताना, बरं का! ऐकणाऱ्यांच्या घरी सुतक होतं.

पुढे त्यांनी वेदीमागच्या भिंतीवर दोन शब्द कोरून घेतले: 'बापा, क्षमा कर.' क्रुसावर प्रभू येशू म्हणाला होता, 'हे बापा, त्यांना क्षमा कर.' भिंतीवर 'त्यांना' नाही. पुन्हा सांगते, 'त्यांना' नाही. तिथे उभा राहणारा प्रत्येक जण त्या क्षमेत येतो.

म्हणून मला वाटतं, उपासनेत पापांची कबुली घाईने उरकू नये. एखादं गीत कमी गा, पण तिथे दोन मिनिटं शांत बसा. मुलांनाही बसवा. मुलं बसतात, मोठ्यांचीच चुळबुळ चालते.

मत्तयाच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात हेच आहे. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी समेट कर. त्याच्या मनात, तुझ्याविरुद्ध. तक्रार त्याची आहे, जायचं आपण आहे. आणि जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. बायबलमधल्या जक्कय नावाच्या जकातदाराने अन्यायाने घेतलेलं चौपट परत करायचं कबूल केलं होतं. देणं न फेडता हात जोडले, तर समोरच्याने काय करायचं?

कॉव्हेंट्रीचं पुढे असं झालं. 1961 मध्ये जर्मन तरुण तिथे आले आणि त्या भग्न कॅथेड्रलच्या आवारात बांधकामाला लागले. 1965 मध्ये कॉव्हेंट्रीहून तरुण मंडळी जर्मनीत ड्रेस्डेनला गेली. तिथलं एक ख्रिस्ती रुग्णालय फेब्रुवारी 1945 च्या बॉम्बहल्ल्यात पडलं होतं. बॉम्ब टाकणाऱ्यांत ब्रिटिश विमानं होती. त्या रुग्णालयाचा ढिगारा या मुलांनी उपसला आणि विटा रचल्या.